परग्रहावरच्या पाहुण्याला आपली भाषा कशी येते?

१. मुलांनी विचारलेला प्रश्न

टीव्हीवर परग्रहवासीयांचा सिनेमा लागलेला असतो. चकचकीत यान उतरतं, दार उघडतं, आतून कुणीतरी बाहेर येतं आणि सरळ बोलायला लागतं. अशा वेळी घरातलं लहान मूल हमखास विचारतं, "पण ह्याला इंग्रजी कसं येतं?" सिनेमा डब केलेला असेल तर, "ह्याला हिंदी कसं येतं?" मोठ्यांचं उत्तर ठरलेलं असतं: अरे, सिनेमा आहे तो, बघ गुपचूप. माझ्या मते त्या अर्ध्या-पाऊण तासात घरात विचारला गेलेला सगळ्यात चांगला प्रश्न तोच असतो. यानाचा आकार, पाहुण्याचे डोळे किती आणि कातडी कुठल्या रंगाची, हा सगळा कल्पनेचा आणि रंगभूषेचा भाग आहे. दोन ग्रहांवर कोट्यवधी वर्षं एकमेकांचा वारा न लागता वाढलेल्या जीवांना एकमेकांचं म्हणणं कळेल का, आणि कळलं तर कशाच्या आधाराने, हा मात्र खरा ज्ञानाचा प्रश्न आहे. परग्रहवासीयांवरच्या सिनेमांचा कस इथेच लागतो, असं मला वाटतं. जो सिनेमा ह्या प्रश्नाला भिडतो तो आपल्याला भाषेबद्दल, म्हणजे आपल्याचबद्दल, काही नवं सांगून जातो. जो तो टाळतो तो कितीही भव्य असला तरी शेवटी माणसांचीच गोष्ट मुखवटे घालून सांगत असतो.

प्रश्न टाळण्याची सगळ्यात जुनी युक्ती रॉबर्ट वाइझ यांच्या १९५१ सालच्या 'द डे द अर्थ स्टूड स्टिल'मध्ये सापडते. क्लाटू नावाचा पाहुणा वॉशिंग्टनमध्ये उतरतो आणि स्वच्छ इंग्रजीत बोलतो. आम्ही बरीच वर्षं तुमचे रेडिओ कार्यक्रम ऐकत होतो, त्यावरून भाषा शिकलो, असा खुलासा तो करतो. ऐकायला हे पटतं. पण जरा थांबून विचार करा. तमिळ न येणाऱ्या माणसाने चेन्नई आकाशवाणीचे कार्यक्रम दहा वर्षं रोज ऐकले तर त्याला काय कळेल? कोणते आवाज वारंवार येतात, गाणं कुठलं आणि बातम्या कुठल्या, वाक्य कुठे संपतं, एवढं नक्की कळेल. पण 'तण्णीर' म्हणजे पाणी हे कळायला कुणीतरी एकदा तरी तो शब्द उच्चारून पाण्याचा पेला पुढे करावा लागतो. आवाजाचा वस्तूशी सांधा जुळल्याशिवाय शब्दाला अर्थ येत नाही, आणि रेडिओतून पेला पुढे करता येत नाही.

यावर आजचा वाचक म्हणेल की हल्लीचे संगणक नुसता मजकूर वाचून भाषांतर करायला शिकतात, त्यांना कुणी पेला दाखवत नाही. आक्षेप चांगला आहे. पण दोन मानवी भाषा एकाच जगाबद्दल बोलतात. आई, पाऊस, भूक, उधारी, लग्न, मरण ह्या गोष्टी तमिळमध्ये जशा एकमेकींच्या आसपास येतात तशाच मराठीतही येतात. एकाच गावाचे दोघांनी काढलेले दोन नकाशे असले, तर खुणा वेगळ्या असूनही एक नकाशा दुसऱ्यावर बसवता येतो. नदी नदीवर येते, देऊळ देवळावर. परग्रहवासीयाचं मुळात गावच वेगळं असेल, तर कोणता नकाशा कशावर बसवणार?

२. बोट दाखवून

मग मूल शिकतं तसं, वस्तू दाखवून शिकवलं तर? स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'ई. टी.'त (१९८२) नेमकं हेच घडतं, आणि तो प्रसंग पुन्हा लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे. एलियट हा दहा-अकरा वर्षांचा मुलगा घरात लपवलेल्या पाहुण्याला आपल्या खोलीतल्या वस्तू दाखवत सुटतो. हे कोक, हे आपण पितो. ही खेळण्यातली माणसं. हा मासा, मासा खाऊ खातो आणि माशाला शार्क खातो. मग तो शेंगदाण्याच्या आकाराचा गल्ला उचलतो आणि सांगतो की हा शेंगदाणा, शेंगदाणा खातात, पण हा खायचा नाही कारण हा खोटा आहे, ह्यात पैसे ठेवतात. थोड्या वेळाने पाहुणा खेळण्यातली मोटार तोंडात घालू पाहतो.

प्रेक्षक हसतात, पण ह्या एका प्रसंगात भाषेच्या तत्त्वज्ञानातला एक मोठा पेच उभा राहतो. अमेरिकन तत्त्वज्ञ क्वाइन यांनी १९६० साली तो मांडला. अनोळखी भाषेचा एक माणूस पळणाऱ्या सशाकडे बोट दाखवून 'गावागाई' म्हणाला, तर त्या शब्दाचा अर्थ ससा असा होईल, पांढरा असा होईल, पळतोय असा होईल, की आज रात्रीचं जेवण असा होईल? नुसत्या बोटावरून हे ठरत नाही. आपण गोठ्यापाशी उभं राहून पाहुण्याला 'गाय' म्हटलं तर त्याने दूध समजावं, शिंगं समजावीत की चार पायांवर उभं राहणं समजावं? आपल्या मुलांना हा पेच पडत नाही, कारण मूल आणि आई दोघांची नजर सारख्याच गोष्टींकडे ओढली जाते. हलणारं, आवाज करणारं, खाता येणारं आधी दिसतं. ज्याचं शरीर वेगळं, भूक वेगळी आणि इंद्रियं वेगळी, त्या पाहुण्याची नजर आपल्या बोटाच्या टोकापासून सशापर्यंत जाईलच असं नाही. कदाचित तो बोटाकडेच पाहत राहील. 'ई. टी.'चा पाहुणा थोड्या दिवसांत शब्द जोडू लागतो ते एका सोयीमुळे: त्याचं मन एलियटच्या मनाशी जोडलेलं दाखवलं आहे. म्हणजे स्पीलबर्ग यांनी पेच ओळखला आणि मायेच्या धाग्याने तो सोडवला. गोष्टीला ते शोभतं. पण प्रश्न शिल्लक राहतो.

३. आकड्यांची भाषा

वस्तू वेगळ्या असतील, पण दोन आणि दोन चार हे सगळीकडेच असणार, असं शास्त्रज्ञ म्हणतात. परग्रहाशी संवादाचा सगळ्यात भक्कम दावा हाच आहे आणि तो पडद्यावर सर्वांत नीट मांडला रॉबर्ट झेमेकिस यांच्या 'काँटॅक्ट'ने (१९९७). मूळ कादंबरी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांची, १९८५ सालची. नायिका एली न्यू मेक्सिकोतल्या वाळवंटात रेडिओ दुर्बिणींच्या रांगेपाशी आकाश ऐकत बसलेली असते आणि अभिजित ताऱ्याच्या, म्हणजे व्हेगाच्या दिशेने ठोके ऐकू येतात. दोन, मग तीन, मग पाच, मग सात, मग अकरा.

हेच आकडे का? सात पेढे चौकोनी खोक्यात सारख्या रांगांत लावायला गेलात तर जमत नाही, त्यांची एकच लांब रांग होते. बाराचं तसं नाही, तीन रांगा चार-चारच्या लागतात. ज्या संख्येची एकच रांग होते ती मूळ संख्या. निसर्गात ठरावीक अंतराने ठोके देणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल यांना दर १.३३ सेकंदांनी येणारा रेडिओ ठोका सापडला, तेव्हा क्षणभर परग्रहवासीयांची शंका येऊन गेली. निघाला तो स्वतःभोवती फिरणारा एक विलक्षण घट्ट तारा, पल्सार. म्हणून नुसती नियमितता हा पुरावा नव्हे. पण मूळ संख्या क्रमाने मोजत जाणारी कुठलीही नैसर्गिक घडामोड आपल्याला माहीत नाही. तसे ठोके आले तर पलीकडे मोजणारं कुणीतरी आहे असं म्हणता येतं.

मोजण्यापासून पुढे किती जाता येतं? बरंच. समजा, कागदावर एक टिंब आहे, मग एक अनोळखी खूण, पुन्हा एक टिंब, मग दुसरी खूण आणि शेवटी दोन टिंबं. खालच्या ओळीत दोन टिंबं, पहिली खूण, एक टिंब, दुसरी खूण, तीन टिंबं. अशा पाच ओळी पाहिल्या की पहिली खूण म्हणजे अधिक आणि दुसरी म्हणजे बरोबर, हे कुणालाही उमगतं. आता एक ओळ मुद्दाम चुकीची द्या, दोन अधिक एक बरोबर चार, आणि तिच्यापुढे तिसरी खूण काढा. ती खूण म्हणजे 'चूक'. एकही वस्तू न दाखवता आपण खरं आणि खोटं शिकवलं. डच गणितज्ञ हान्स फ्रॉयडेंथाल यांनी १९६० साली 'लिंकोस' नावाची आख्खी भाषा ह्या पायावर रचली. १९७४ साली पोर्तो रिकोमधल्या आरेसिबो दुर्बिणीतून एम-१३ ह्या तारकागुच्छाकडे जो संदेश पाठवला, त्यातही हीच बुद्धी आहे. संदेशात १६७९ ठिपके आहेत. १६७९ हा आकडा २३ आणि ७३ ह्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार. म्हणून ठिपके आयतात मांडायच्या दोनच रीती उरतात. एकीतून गोंधळ दिसतो, दुसरीतून चित्र, त्यात माणसाची आकृतीसुद्धा.

तरीही आकड्यांच्या भाषेची हद्द 'काँटॅक्ट'मध्येच दिसते. ठोक्यांच्या आत दडलेलं चित्र उलगडतं आणि पडद्यावर हिटलर येतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचं प्रक्षेपण आकाशात गेलं होतं, तेच त्यांनी परत पाठवलेलं असतं. साधा हिशेब करा: व्हेगा सुमारे २५ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे तिथे ते १९६१ च्या सुमाराला पोचलं आणि लगेच परत धाडलं तरी १९८६ च्या आत इथे येणार नव्हतं. पलीकडून सांगायचं होतं एवढंच, की तुमचं पोचलं. पण इथे लोक हादरतात, सरकारं घाबरतात. ठिपके एकही न गळता पोचले आणि अर्थ वाटेतच हरवला. गणिताने 'आम्ही आहोत' हे सांगता येतं, 'आम्ही मोजतो' हेही. 'आम्ही का बोलतो आहोत' हे सांगायला गणितापाशी खूण नाही. आणि ज्यांच्या दारात परका उभा असतो, त्यांना हेच आधी जाणून घ्यायचं असतं.

४. रे ग सा

१९७७ च्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'मध्ये स्पीलबर्ग यांनी आकड्यांना सुरांत आणलं. नावातला 'तिसरा प्रकार' हे वर्गीकरण जे. ॲलन हायनेक ह्या खगोलशास्त्रज्ञाचं: जवळून दिसणं हा पहिला, मागे खुणा राहणं हा दुसरा आणि प्रत्यक्ष जीव दिसणं हा तिसरा. संगीतकार जॉन विल्यम्स यांनी शेकडो जुळण्या करून पाहिल्यावर जे पाच सूर निवडले गेले, ते आपल्या पेटीवर सहज वाजवता येतात: रे, ग, सा, मग खालच्या सप्तकातला सा, आणि त्याच सप्तकातला प. त्यातले शेवटचे तीन सूर नीट पाहा. मधला सा, खर्जाचा सा आणि मंद्र पंचम. तानपुऱ्याच्या तारा ह्याच सुरांत लावतात. तार अर्धी केली की वरचा सा मिळतो, म्हणजे दोनास एक. सा आणि प यांचं नातं तीनास दोन. पृथ्वीवर काय किंवा दुसरीकडे काय, ताणलेली तार ह्याच नियमाने वाजणार. त्या धुनेतला गोडवा आपला असेल, पण आतलं गुणोत्तर सगळ्यांचं आहे.

सिनेमातला तो सूर शास्त्रज्ञांना पहिल्यांदा भेटतो भारतात. हजारोंचा जमाव तो गात बसलेला आहे. हे आवाज कुठून आले, असं विचारताच सगळ्यांची बोटं एकदम आभाळाकडे जातात. पडद्यावर ते ठिकाण धरमशाला म्हणून येतं, चित्रण मात्र आपल्या खालापूरजवळच्या हाळ गावात झालं. आधीच्या भागात बोट दाखवण्याबद्दल जी शंका घेतली, तिला हे छोटंसं उत्तरच आहे. माणसामाणसांत बोटाचा अर्थ भाषांतराशिवाय कळतो.

ह्या सिनेमात एक कच्चा दुवा आहे, आणि तो फारसा कुणी बोलून दाखवत नाही. पाहुणे भेटीची जागा कळवतात ती अक्षांश-रेखांशांत. पण रेखांश ग्रीनिचपासून मोजायचे हे आपण ठरवलं, वर्तुळाचे ३६० अंश हेही आपणच. आकडे विश्वाचे असतील, त्यांची सुरुवात कुठून करायची हे मात्र प्रत्येक गावाचं वेगळं. शेवटी अवाढव्य यान आणि माणसांचं वाद्य यांची जुगलबंदी रंगते, तेव्हा स्पीलबर्ग एक प्रामाणिक गोष्ट करतात: ते काय बोलले हे प्रेक्षकाला सांगत नाहीत. संगीताने सोबत होते. निरोप मात्र सांगता येत नाही. राकेश रोशन यांच्या 'कोई... मिल गया'मध्येही (२००३) ॐकाराचे स्वर आकाशात पाठवले जातात. उत्तर म्हणून यान येतं आणि पुढे जादू ह्या पाहुण्याची आणि नायक रोहितची गट्टी जमते ती खेळांतून, शब्दांतून फारशी नाही.

५. आम्ही की आपण?

निरोपाच्या प्रश्नाला थेट हात घालणारा सिनेमा म्हणजे डेनी व्हिलनव यांचा 'अरायव्हल' (२०१६). टेड चियांग यांच्या १९९८ सालच्या दीर्घकथेवर तो आधारलेला आहे. जगात बारा ठिकाणी याने येऊन थांबतात. आतल्या सात पायांच्या जीवांशी बोलायला सैन्य लुईझ बँक्स ह्या भाषाशास्त्रज्ञ बाईला बोलावतं. अशा सिनेमांत मोक्याच्या जागी बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ किंवा सेनापती असतात. इथे भाषा जाणणारी बाई आहे, आणि त्यामुळे सगळाच तोल बदलतो.

कर्नल वेबर तिला विचारतो की 'खाणं', 'चालणं' असले बालवाडीतले शब्द शिकवण्यात वेळ का घालवतेस, मुद्द्याचं विचार. ती पांढऱ्या फळ्यावर मुद्द्याचा प्रश्न लिहिते: पृथ्वीवर येण्यामागे तुमचा हेतू काय? आणि त्याचे तुकडे पाडते. आधी त्यांना प्रश्न म्हणजे काय हे कळायला हवं, माहिती मागण्याची पद्धत त्यांच्यात असायला हवी. 'तुमचा' म्हणजे समोरच्या एकाचा की सगळ्यांचा, हे उलगडायला हवं. हेतू म्हणजे काय, ते जाणूनबुजून काही करतात की त्यांचं वागणं उपजत आहे, हे कळायला हवं. आणि एवढं करून आलेलं उत्तर समजेल इतके शब्द आपल्यापाशी हवेत. परग्रहावरच्या सिनेमांतली एवढी रोमांचक दोन-तीन मिनिटं मला दुसरी माहीत नाहीत, आणि त्यांत एका फळ्याखेरीज काही नाही.

मराठी वाचकाला ह्या फळ्यावर आणखी एक रेघ ओढता येईल. समजा ते म्हणाले, इथे राहायचं आहे. कुणी राहायचं? इंग्रजीत 'वी' म्हणून भागतं. मराठीत ताबडतोब विचारावं लागतं: आम्ही की आपण? 'आम्ही इथे राहणार' ह्यात ऐकणारा बाहेर आहे, त्याने सावध व्हावं. 'आपण इथे राहू' ह्यात तो आत आहे. पाहुण्याच्या एका सर्वनामावर युद्ध की शेजार हे ठरू शकतं, आणि हा फरक ज्या भाषेत नाही तिच्या दुभाष्याला तो विचारायचं सुचणारही नाही. सिनेमातला खरा पेचही असाच एका शब्दावर येऊन ठेपतो. पाहुण्यांचं उत्तर वाचलं जातं ते 'शस्त्र देऊ' असं. राष्ट्रं एकमेकांशी बोलणं तोडतात, तोफा सज्ज होतात. लुईझ सांगत राहते की त्यांना शस्त्र आणि साधन यांतला फरक माहीत असेलच कशावरून? इंग्रजी प्रेक्षकाला हे समजावून द्यावं लागतं. मराठीत सुताराच्या पेटीत असतात ती हत्यारं आणि पोलीस जप्त करतात तीही हत्यारंच. खंडेनवमीला तलवार आणि पटाशी एकाच पाटावर मांडून पुजतात. त्या लोकांनी 'हत्यार देऊ' म्हटलं असतं तर मराठी दुभाष्याने निदान 'कसलं?' एवढं तरी विचारलं असतं.

सिनेमाचा पुढचा दावा जास्त धाडसी आहे. त्या जीवांचं लेखन वर्तुळाकार आहे, वाक्याला सुरुवात नाही, शेवट नाही. ते पूर्ण शिकल्यावर लुईझला काळच वेगळा दिसू लागतो, पुढचं आठवल्यासारखं दिसतं. भाषा विचारांना वळण लावते ह्या भाषाशास्त्रज्ञ सपीर आणि व्होर्फ यांच्या कल्पनेचं हे टोक आहे. आजचे बहुसंख्य भाषाशास्त्रज्ञ इतकं मानत नाहीत. भाषा लक्ष वेधते, डोळे बांधत नाही, इतकंच ते म्हणतात. आपल्या 'परवा'कडे पाहा. हा शब्द कालच्या आदल्या दिवसालाही चालतो आणि उद्याच्या नंतरच्यालाही. 'परवा आला' आणि 'परवा येईल' ह्यांत दिशा क्रियापद दाखवतं. मागचं आणि पुढचं एका शब्दात ठेवूनही मराठी माणसाला भविष्य दिसत नाही. तेव्हा सिनेमाची ही उडी कल्पनेचीच म्हणावी लागेल. फळ्यावरचा धडा मात्र कल्पनेचा नाही. अनोळखी भाषांचा अभ्यास करणारे प्रत्यक्षात असंच काम करतात, आणि सिनेमासाठी जेसिका कून ह्या भाषाशास्त्रज्ञ बाईंचा सल्ला घेतला होता.

६. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा: जे ताऱ्यांमधलं अंतर कापून येतील ते आपल्याहून कितीतरी पुढे असतील, तेच शिकतील आपली भाषा, आपण कशाला डोकं शिणवायचं? सत्यजित राय यांच्या 'बंकूबाबूंचा मित्र' ह्या १९६२ च्या बंगाली कथेतल्या पाहुण्याला हजारो भाषा येतात. राजकुमार हिरानी यांच्या 'पीके'त (२०१४) नायक एका स्त्रीचा हात सहा तास धरून बसतो आणि भोजपुरी उचलतो. ही जादूच आहे. पण 'पीके' तिथे थांबत नाही, म्हणून तो मला मोलाचा वाटतो. शब्द आले तरी नायक 'अच्छा' ह्या एका शब्दावर अडतो, कारण सूर बदलला की त्याचा अर्थ बदलतो. आपलं 'बरं' घ्या. 'बरं' म्हणजे हो, 'बरं?' म्हणजे पुढे सांग, 'बरं बरं' म्हणजे आता पुरे, आणि 'बरं वाटतंय का' ह्यात ते तब्येतीला लागतं. शब्दकोश पाठ करून हे येत नाही. त्यासाठी माणसांत राहावं लागतं, फसावं लागतं. तेव्हा हुशारी कितीही असो, शिकायला दोन बाजू लागतात. आपली बाजू आपण सोडली तर तेही अर्धेच शिकतील.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. भाषा कळली म्हणजे सगळं झालं का? टिम बर्टन यांच्या 'मार्स ॲटॅक्स!'मध्ये (१९९६) भाषांतराचं यंत्र मंगळवाल्यांचे शांततेचे शब्द ऐकवतं आणि ते माणसांना मारत राहतात. त्याहून गंभीर उत्तर नील ब्लोमकँप यांच्या 'डिस्ट्रिक्ट ९'चं (२००९) आहे. जोहान्सबर्गवर अडकून पडलेल्या यानातले जीव वीसहून जास्त वर्षं झोपडपट्टीत राहताहेत. माणसं त्यांना 'कोळंबी' म्हणतात. ते त्यांच्या टकटक आवाजांच्या भाषेत बोलतात, माणूस इंग्रजीत बोलतो, आणि दोघांनाही एकमेकांचं कळतं. तरी विकस नावाचा कारकून दारोदार फिरून हटवण्याच्या नोटिशींवर त्यांचे अंगठे-सह्या घेत सुटतो. एक जीव कागद वाचून, हे कायद्याला धरून नाही, असं त्याला सांगतोही. विकसला ते शब्दशः समजतं, आणि त्याने काहीच बदलत नाही. ह्या कथेच्या मुळाशी केप टाउनचा डिस्ट्रिक्ट सिक्स आहे. १९६६ साली तो भाग फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि पुढच्या वर्षांत सुमारे ६०,००० लोकांना तिथून हलवण्यात आलं. ते लोक आणि त्यांना हलवणारे एकाच देशाचे, एकमेकांच्या भाषा जाणणारे होते.

म्हणून भाषा पुरेशी नाही, हे मी मान्य करतो. पण त्यावरून ती बिनमहत्त्वाची ठरत नाही. विकसचा दोष आपल्याला दिसतो तो त्याला कळत होतं म्हणूनच. कळत नसतं तर ते अज्ञान ठरलं असतं. कळूनही सही मागितली, म्हणून तो अन्याय ठरला. अन्यायाला अन्याय म्हणायलासुद्धा आधी दोन्हीकडचं बोलणं पोचावं लागतं.

७. न कळण्याची शक्यता

काही दिग्दर्शकांनी सगळाच संवाद नाकारला. स्टॅनली कुब्रिक यांनी '२००१: अ स्पेस ओडिसी'मध्ये (१९६८) परग्रहवासी दाखवलेच नाहीत, फक्त काळा, गुळगुळीत, उभा दगड ठेवला. त्यांना न दाखवता सुचवावं, असा सल्ला सेगन यांनीही दिला होता. आंद्रेई तारकोव्हस्की यांचा 'सोलारिस' (१९७२) स्तानिस्लाव लेम यांच्या १९६१ च्या कादंबरीवरचा. तिथे आख्खा समुद्रच जिवंत आहे आणि तो उत्तरादाखल शास्त्रज्ञांच्या आठवणीतली माणसं घडवून पाठवतो. नायक केल्विनपुढे त्याची मेलेली बायको येऊन उभी राहते. हे प्रेम आहे, प्रयोग आहे की शिक्षा, कधीच कळत नाही. अनेकांना हेच सर्वांत खरं चित्र वाटतं, आणि लेम यांचा इशारा खराच आहे: आपण ताऱ्यांवर आरसे शोधत जातो. हडप्पाची लिपी माणसांनी लिहिली, ती आपल्याच उपखंडातली, तरी ती आजवर निर्विवादपणे वाचली गेलेली नाही. तरीही मी 'अरायव्हल'ला वरचं स्थान देईन. 'सोलारिस' दार बंद आहे हे सांगतो, 'अरायव्हल' कुलूप कसं असतं ते उघडून दाखवतो.

८. आपण पाठवलेला नमस्कार

'क्लोज एन्काउंटर्स' पडद्यावर आला त्याच वर्षी, १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, दोन व्हॉयेजर याने निघाली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. सेगन यांच्या गटाने ती तयार केली. जॉन कार्पेंटर यांच्या 'स्टारमॅन'ची (१९८४) सुरुवातच ही तबकडी कुणाच्या तरी हाती लागते इथून होते. तिच्यावर गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे आणि ५५ भाषांतले नमस्कार आहेत. त्यांत मराठीही आहे. पृथ्वीवरचे लोक शुभ विचार पाठवतात आणि ह्या जन्मी तुम्ही धन्य व्हावं अशी इच्छा करतात, असा त्याचा आशय. 'ह्या जन्मी' ह्या दोन शब्दांत केवढं जग आहे! ऐकणाऱ्याला जन्म कळायला हवा, आणि हा एकच नसावा अशी समजूत असलेली माणसं कुठेतरी राहतात, हेही.

तबकडीच्या वेष्टनावर ती कशी वाजवायची ते कोरलेलं आहे: सुई कुठे ठेवायची, आणि एक फेरा ३.६ सेकंदांत व्हावा. सेकंद त्यांना कुठून माहीत असणार, म्हणून हा वेळ हायड्रोजन अणूच्या मापात दिला आहे. तो अणू तिथेही तसाच असणार. शब्दांसाठी असं माप सापडलं नाही. त्यांच्या जागी चित्रं आहेत, शंभराहून जास्त, पहिलं चित्र साध्या वर्तुळाचं. त्यांतल्या एका फोटोत तिघं जण आहेत. एक बाई आइस्क्रीम चाटते आहे, एक माणूस सँडविचचा घास घेतो आहे, आणि तिसऱ्याने भांडं उंच धरलं आहे, पाण्याची धार तोंडात पडताना स्पष्ट दिसावी म्हणून.